एचआयव्ही, अमली पदार्थांचे सेवन आणि वेदनाशमनासाठी गांजा

एचआयव्हीसह जगणाऱ्या आणि अमली पदार्थ घेणाऱ्या व्यक्ती जुनाट दुखण्यावर उतारा म्हणून गांजा वापरतात, त्या वापराविषयीची ही नोंद. या दुखण्यांत मज्जातंतूंची वेदना विशेष छळते. तळपायांची आग होते, सुया टोचतात, रात्री अंगावरचे पांघरूणही सोसवत नाही. काहींमध्ये विषाणूमुळेच मज्जातंतूंना इजा होते, तर काहींमध्ये स्टॅव्हुडिनसारख्या एचआयव्हीवरील जुन्या औषधांमुळे. भारतातील एआरटी (विषाणूला रोखणारे औषधोपचार) केंद्रांमध्येही स्टॅव्हुडिन अनेक वर्षे दिले जाई. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये ते टप्प्याटप्प्याने बंद करण्याची शिफारस केली. पण औषध थांबले तरी झालेली इजा भरून येईलच असे नाही.

गांजाच्या उपयोगाची पहिली ठळक चाचणी सॅन फ्रान्सिस्कोत झाली. एड्सच्या साथीने होरपळलेल्या या शहरात रुग्ण आधीपासूनच गांजा वापरत होते आणि मेरी जेन रॅथबन ही वृद्ध स्वयंसेविका त्यांना गांजाच्या ब्राउनी वाटत असे. डॉ. डोनाल्ड एब्रम्स यांच्या गटाने २००७ मध्ये ५० रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाच दिवस गांजा ओढणाऱ्यांची रोजची वेदना ३४ टक्क्यांनी उतरली. तुलनेसाठी सक्रिय द्रव्य काढून टाकलेला गांजा ओढणाऱ्यांची १७ टक्क्यांनी. सॅन दिएगोतील २००९ च्या चाचणीतही गुण दिसला, मात्र पूर्वी कधी गांजा न घेतलेल्या एका रुग्णाला तीव्र मनोविकाराचा झटका आला.

या चाचण्यांची मोठी उणीव म्हणजे व्यसनाची चालू समस्या असलेल्यांना त्यांत प्रवेशच नव्हता. ज्यांच्यासाठी हा प्रश्न सर्वांत निकडीचा, तेच बाहेर राहिले. त्यांच्याविषयी जे कळले ते मुख्यतः कॅनडातील व्हँकुव्हरमधून. तेथे अमली पदार्थ घेणाऱ्यांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा होतो आणि त्यांत एचआयव्हीबाधितांचा स्वतंत्र गट आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जुनाट वेदना असलेल्या १,१५२ जणांची माहिती तपासली गेली. त्यांत एचआयव्ही असलेले आणि नसलेले दोन्ही होते. रोज गांजा घेणाऱ्यांमध्ये रोज बेकायदा ओपिऑइड (हेरॉइनसारखे अफूवर्गीय पदार्थ) घेण्याची शक्यता जवळपास निम्मी आढळली, अधूनमधून घेणाऱ्यांत असा फरक दिसला नाही. हे निरीक्षण आहे, कार्यकारणाचा पुरावा नव्हे. तरीही फेंटॅनिल या अतितीव्र ओपिऑइडने माणसे मरत असलेल्या शहरात ते दुर्लक्षिण्याजोगे नाही.

अमेरिकेतील एचआयव्ही-तज्ज्ञांच्या २०१७ च्या मार्गदर्शिकेत मज्जातंतूंच्या वेदनेवर तोंडाने घेण्याचे पहिले औषध गॅबापेंटिन आहे. योग्य रुग्णांत गांजाचा विचार करता येतो असे ती म्हणते, पण ही शिफारस दुबळी आहे. उपलब्ध चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यानुसार मज्जातंतूंच्या जुनाट वेदनेत संभाव्य लाभांपेक्षा अपाय वरचढ ठरू शकतात. भोवळ, गुंगी आणि मनोविकाराचा धोका हे त्यांतले प्रमुख. गांजा विषाणूला रोखत नाही, त्यामुळे एआरटी चालूच ठेवावी लागते.

भारतात १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याने गांजा आणि चरस यांवर बंदी आहे. पानांची भांग त्या व्याख्येत येत नाही, तिचे नियमन राज्ये करतात. मात्र वरील चाचण्यांत भांग नव्हे, ओढायचा गांजा तपासला होता. त्यांचे निष्कर्ष भांगेला जसेच्या तसे लावता येत नाहीत.