सूर मरतो कसा? लेस पॉलची जन्मभराची खटपट

21 ऑगस्ट 2009 रोजी अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात लोक एका वादकाला निरोप द्यायला जमले, ते डिस्कव्हरी वर्ल्ड नावाच्या विज्ञान संग्रहालयात. गेलेला माणूस होता गिटारवादक लेस पॉल, वय 94. इकडे गोव्यात तेव्हा चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, दोन दिवसांवर आली होती. आरतीत वाजणाऱ्या मातीच्या घुमटांना कातडं चढत होतं, गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीचं सामान घरी येत होतं, आणि गिटार वाजवणारी पोरं सोडली तर हे नाव आपल्याकडे फारसं कुणाच्या कानावर नव्हतं.

कलावंत गेला की त्याच्या नावाने मैफल करायची, ही आपली रीत. केसरबाई केरकरांच्या नावाचा समारोह कला अकादमीत होतो, तिथे कुणी भाषणं ऐकायला जात नाही. पण हा माणूस नुसता वादक नव्हता. रॉक संगीताच्या हॉल ऑफ फेममध्ये आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधकांच्या हॉल ऑफ फेममध्येही त्याचं नाव आहे. त्याची आठवण काढायची तर त्याच्या यंत्रांच्या पोटात शिरायला हवं. त्या यंत्रांच्या मुळाशी एकच तक्रार आहे: छेडलेला सूर इतक्या लवकर का मरतो?

तार छेडताना आपण तिला ऊर्जेची ठरावीक पुंजी देतो. ती पुंजी थोडी हवेच्या घर्षणात जाते, थोडी धातूच्या आतल्या घर्षणात, आणि साध्या गिटारीत बरीचशी घोडीतून, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीतून, खालच्या लाकडात. हा लाकडातला खर्च टाळताही येत नाही. नुसती तार इतकी बारीक, की ती पुढे सरकली की समोरची हवा दाबली जाण्याऐवजी कडेने मागे सटकते. त्यामुळे एकट्या तारेचा आवाज हातभर अंतरावरही जेमतेम पोचतो. पातळ लाकडाची रुंद फळी हलली की मात्र भरपूर हवा हलते आणि आवाज खोलीभर होतो. पण तो होतो तारेच्या पुंजीतून. फळी जितकी सढळ हाताने हलेल, तितकी तार लवकर रिकामी. घुमट हे याचं टोकाचं उदाहरण. कातड्यावर थाप पडते, सगळी ऊर्जा एका दणक्यात बाहेर आणि नाद तिथेच खलास. आरतीच्या ठेक्याला तेच हवं असतं. पण लांब ओढून गाता येईल असा सूर गिटारीतून काढायचा असेल तर पंचाईत.

लेस पॉलचा जन्म 9 जून 1915 चा, विस्कॉन्सिन राज्यातल्या वॉकेशा गावचा. पोरवयात तो रस्त्याकडेच्या खाण्याच्या ठेल्यावर गाडीतल्या गिऱ्हाइकांसमोर गायचा. तो सांगायचा ती गोष्ट अशी, की एका गिऱ्हाइकाने चिठ्ठी पाठवली: गाणं ठीक आहे, पण गिटार ऐकू येत नाही. मग ग्रामोफोनची सुई गिटारीत खुपसून ती रेडिओला जोडणं आलं. आवाज वाढला, पण गिटार मध्येच हुंकारायला लागली. पोराने पोकळ पेटीत चिंध्या कोंबल्या, मग प्लास्टर ऑफ पॅरिस ओतलं. शेवटी रेल्वेच्या रुळाचा दोनेक फुटांचा तुकडा आणला, त्यावर तार ताणली आणि खाली टेलिफोनच्या रिसीव्हरचा भाग ठेवला. सूर वाजला आणि वाजतच राहिला. आईला दाखवलं तर ती म्हणे हसली: घोड्यावर बसून रूळ वाजवणारा काउबॉय कुणी पाहिलाय का?

आईचं बरोबर होतं आणि पोराचंही. रूळ जड आणि ताठ. तारेची लाट घोडीशी येते, पण पुढचं पोलाद तिला दाद देत नाही, म्हणून ती जवळजवळ सगळीच्या सगळी उलट फिरते. पुंजी तारेतच राहते. साहजिकच रूळ स्वतः आवाज करत नाही. म्हणजे ऐकवण्याचं काम दुसऱ्या कुणाकडे तरी सोपवायला हवं, आणि तेही तारेला हात न लावता.

ते काम पिकअप करतो. म्हापशाला गिटारी दुरुस्त करणाऱ्या एका काकांच्या टेबलावर मी उघडलेला पिकअप पाहिला आहे. लांबट चुंबक आणि त्याभोवती केसापेक्षाही बारीक वाटणाऱ्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, बस. चुंबकामुळे वरची पोलादी तार स्वतःही किंचित चुंबक बनते. ती हलली की वेढ्यांतून जाणारं चुंबकीय क्षेत्र कमीजास्त होतं आणि वेढ्यांत वीज निर्माण होते. मायकेल फॅरेडेने 1831 मध्ये दाखवलेला नियम तो हाच. काकांनी पोलादी ट्यूनिंग फोर्क गुडघ्यावर आपटून पिकअपवर नुसता धरला, आणि कोपऱ्यातला अँप, म्हणजे आवाज वाढवणारा डबा, गायला लागला. नायलॉनची तार लावा, काहीही ऐकू येणार नाही. कंपनं तीच असतील, पण चुंबकाला नायलॉनशी देणंघेणं नाही.

पोकळ गिटार का हुंकारायची, ते जत्रेतलं नाटक पाहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. नांदी रंगात आलेली, ऑर्गनवाला खुशीत, आणि गाणारा नट एक पाऊल स्पीकरकडे सरकतो. माईक कुई करतो आणि साउंडवाला धावत सुटतो. स्पीकरमधला आवाज माईकमध्ये शिरतो, वाढून स्पीकरमधून निघतो, पुन्हा माईकमध्ये. फेरा संपतच नाही. पोकळ गिटारीत पातळ फळीच माईकसारखं वागते. स्पीकरच्या आवाजाने ती थरथरते, तार हलवते, पिकअप ते पुन्हा अँपकडे धाडतो. भरीव लाकूड सहजी थरथरत नाही, म्हणून हा फेरा तुटतो.

1940 च्या आसपास, एपिफोन कंपनीच्या कारखान्यात रविवारी जाऊन लेस पॉलने चार इंच बाय चार इंच पाइनच्या ठोकळ्यावर गिटार उभी केली. नावही ‘लॉग’, म्हणजे ओंडका. लोकांना पसंत पडेना. मग त्याने एक पोकळ गिटार उभी कापून तिचे दोन अर्धे ओंडक्याला पंखांसारखे जोडले. आवाजात खास फरक नाही, पण लोक खूश! गिब्सन कंपनीने आधी ही कल्पना झाडूचा दांडा म्हणून हसण्यावारी नेली. 1950 मध्ये लिओ फेंडरच्या भरीव गिटारी बाजारात आल्यावर तिला जाग आली आणि 1952 मध्ये लेस पॉलच्या नावाची गिटार निघाली. तिच्या घडणीत त्याचा वाटा किती आणि कारखान्यातल्या कारागिरांचा किती, हा वाद अजून मिटलेला नाही. शिवाय चुंबकी पिकअपची रिकनबॅकर गिटार 1930 च्या दशकातच आली होती. त्यामुळे मृत्युलेखांत सरसकट येणारं ‘इलेक्ट्रिक गिटारचा जनक’ हे बिरूद मला पटत नाही. खरं तर त्याला त्याची गरजही नाही, कारण त्याचं माझ्या मते सर्वांत मोठं काम गिटारीचं नाहीच.

ते आहे ध्वनिमुद्रणाचं. मुंबईच्या चित्रपटसंगीतात वाजवायला गेलेले गोव्याचे वादक सगळे एकत्र बसून वाजवायचे. एकाची चूक झाली की अख्खा ताफा पुन्हा पहिल्यापासून. लेस पॉलने 1948 मध्ये एकट्याने आठ गिटारी वाजवलेली तबकडी काढली. एक थर तबकडीवर कोरायचा, तो वाजवत दुसरा थर वाजवायचा आणि दोन्ही मिळून नव्या तबकडीवर कोरायचे. त्याच वर्षाच्या सुरुवातीला मोटार अपघातात त्याचा उजवा कोपर मोडला होता. तो पुन्हा वाकणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा निदान गिटार धरता येईल अशा कोनात तो बसवून घेतला.

पुढे अँपेक्स कंपनीचं टेपयंत्र हाती आलं. त्यात त्याने एक जादा हेड, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणारा भाग, बसवलं. आधीचं मुद्रण पुसलं जाण्याच्या क्षणभर आधी ते वाचायचं, त्यात नवं वादन मिसळायचं आणि त्याच टेपवर पुन्हा उतरवायचं. चूक झाली तर नवं आणि जुनं दोन्ही गेलं. तरीही त्याच्या आणि पत्नी मेरी फोर्डच्या थरांवर थर चढवलेल्या एका गाण्याने 1951 मध्ये अमेरिकेत नऊ आठवडे पहिला क्रमांक सोडला नाही.

या पुसापुशीवर उतारा म्हणजे प्रत्येक वाद्याला टेपवर स्वतंत्र पट्टी. अँपेक्सने त्याला 1957 मध्ये आठ पट्ट्यांचं यंत्र दिलं. यात एक छोटी गोम होती. टेप सेकंदाला सुमारे 38 सेंटिमीटर धावते. ऐकण्याचं हेड मुद्रणाच्या हेडपासून पाच सेंटिमीटर पुढे असेल, तर ऐकू येणारा आवाज 0.13 सेकंद जुना असतो. त्याच्या तालावर वाजवलं की नवी पट्टी तेवढीच मागे पडणार, आणि तबलजीला विचारा, इतक्या फरकाने सम पार हुकते. अँपेक्सच्या अभियंत्यांनी तोडगा काढला: ज्या पट्ट्या आधी भरल्या आहेत, त्या मुद्रणाच्याच हेडने ऐकायच्या. अंतरच उरलं नाही.

लेस पॉल म्हातारपणी न्यूयॉर्कच्या इरिडियम क्लबमध्ये दर सोमवारी वाजवायचा, संधिवाताने बोटं आखडली तरीही. तो गेल्यावर त्याच्या साथीदारांनी पाहुण्या वादकांना बोलावून ते सोमवार चालू ठेवले. 9 जून 2011 ला, त्याच्या 96 व्या जन्मदिनी, गुगलने पहिल्या पानावर छेडता येईल अशी गिटार ठेवली. एकट्या अमेरिकेत 48 तासांत लोकांनी तिच्यावर चार कोटी धून मुद्रित केल्या, असं गुगलने नंतर सांगितलं.

संगणकाला सूर जगवण्यासाठी रूळही नको आणि ओंडकाही नको. 1983 मध्ये केव्हिन कार्प्लस आणि अ‍ॅलेक्स स्ट्राँग यांनी तारेचा आवाज तयार करण्याची एक सोपी युक्ती प्रसिद्ध केली. क्षणभराचा खरखराट आकड्यांच्या रांगेच्या रूपात घ्यायचा, तो एका चक्रात फिरवत ठेवायचा आणि प्रत्येक फेरीत शेजारशेजारच्या आकड्यांची सरासरी काढायची. सरासरीमुळे वरचे स्वर आधी विरतात, खालचे मागाहून, आणि हुबेहूब छेडलेली तार ऐकू येते. ती सरासरी काढून टाकली तर सूर अजिबात मरत नाही, वाटेल तेवढा वेळ चालतो. मात्र मग तो एखाद्या स्वस्त पेटीचा चिकटून बसलेला सूर वाटतो आणि कान त्याला तार म्हणायला तयार होत नाही.