मॅन पानं पॅकेजमध्ये नसतात?

डॉकर म्हणजे प्रोग्रॅम कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालवण्याचं साधन. त्यातल्या उबुंटू या लिनक्स प्रणालीवर ‘मॅन’ ही मदतीची पानं दाखवणारी कमांड चालवली की पान उघडत नाही. मग ‘पॅकेज बनवणाऱ्यांनी डॉक्युमेंटेशन वगळलंय’ असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. हे खरं नाही, आणि त्यात स्वयंसेवकांच्या कष्टांवर अन्याय होतो.

पॅकेजच्या डेब फाइलमध्ये, म्हणजे ज्या फाइलवरून उबुंटूत प्रोग्रॅम इन्स्टॉल होतो तिच्यात, मॅन पानं असतात. डीपीकेजी या डेब फाइली इन्स्टॉल करणाऱ्या प्रोग्रॅमची ‘डीपीकेजी -सी’ ही कमांड वापरून स्वतः यादी बघा. ती गळतात पॅकेज उलगडताना. कंटेनर ज्या साच्यावरून बनतो ती इमेज छोटी ठेवायची असेल, तर तिच्यातल्या डीपीकेजीच्या कॉन्फिगरेशनमध्ये ठराविक फाइली वगळणारा ‘पाथ-एक्स्क्लूड’चा नियम लिहिलेला असतो, त्यामुळे त्या फाइली डिस्कवर उतरतच नाहीत. म्हणूनच नुसतं पॅकेज पुन्हा इन्स्टॉल करून काही होत नाही. आधी तो नियम काढावा लागतो. उबुंटूत हे काम ‘अनमिनिमाइझ’ ही कमांड करते. फेडोरा या दुसऱ्या लिनक्स प्रणालीच्या कंटेनरमध्ये पानं वगळण्याचा हाच परिणाम डीएनएफ या तिथल्या इन्स्टॉल करणाऱ्या प्रोग्रॅमच्या ‘नोडॉक्स’ या पर्यायाने साधतात.

मला ही रचना योग्य वाटते. सर्व्हरवरच्या कंटेनरमध्ये कोणी पानं वाचत बसत नाही. पण निर्णय इमेज बनवणाऱ्याचा असावा, पॅकेजमधून मजकूरच काढून टाकू नये. उबुंटू ज्यावर आधारलेलं आहे त्या डेबियनचं धोरण याला पूरक आहे: ‘डॉक’ निर्देशिकेतल्या फाइलींवाचून प्रोग्रॅम चाललाच पाहिजे. परवान्याची ‘कॉपीराइट’ फाइल मात्र छोट्या इमेजमध्येही मुद्दाम राखली जाते.

डेव्हलपरसाठीचे जाडजूड एपीआय संदर्भ (आपल्या प्रोग्रॅममधून दुसऱ्याचा कोड कसा वापरायचा याची माहिती) बहुधा ‘-डॉक’ नावाच्या वेगळ्या पॅकेजमध्ये मिळतात. ‘सगळं नेटवर आहेच’ म्हणणाऱ्यांनी एक तपासावं: नेटवरचं पान बहुधा ताज्या आवृत्तीचं असतं, तुमच्या मशीनवर मात्र दोन वर्षं जुनी आवृत्ती असू शकते. पॅकेजसोबत आलेलं पान त्याच आवृत्तीचं असतं.