केवणीची साल आणि सैल पडणारा बंध

सह्याद्रीच्या उतारावर शेताच्या राखणीसाठी खोप उभारताना मेढी (उभे खांब), आडे (माथ्यावरचे आडवे लाकूड) आणि वासे खिळ्याविना, केवळ सालीच्या बंधांनी जोडता येतात. जिच्या पिळदार शेंगांना आपण मुरुडशेंग म्हणतो, त्या केवणीची साल या कामासाठी उत्तम असते. अंगठ्याएवढा जाड दांडा बुडाशी तोडून टोकाला चीर दिली की पावसाळ्यात साल हाताने सलग सोलून निघते, आणि वरची ठिसूळ कातडी खरवडली की आत पांढरट, ओलसर, चामड्यासारखी लवचीक पट्टी मिळते. झाडातील अन्नरस वाहणाऱ्या थराला आधार देणारे हे लांब तंतू होत. साल आणि लाकूड यांच्यामध्ये नव्या पेशी तयार करणारा नाजूक थर पावसाळ्यात जोमात वाढत असल्यामुळे तेव्हा साल सहज सुटते. कोरड्या दिवसांत मात्र ती लाकडाला घट्ट धरून बसते.

ओली साल वाळली की आपोआप आवळते, असा एक समज आहे. कच्च्या चामड्याच्या वादीबाबत तो खरा आहे, सालीबाबत नाही. वनस्पतीच्या तंतूंमध्ये सेल्युलोजचे अतिसूक्ष्म धागे बहुतांशी लांबीच्या दिशेने रचलेले असतात आणि पाणी त्यांच्या मधल्या जागेत असते. ते उडून गेले की धागे एकमेकांच्या जवळ येतात, म्हणून पट्टी पातळ व अरुंद होते, पण तिची लांबी जवळजवळ तेवढीच राहते. ओल्या वाशाचेही तसेच आहे. लाकूड वाळताना लांबीत जेमतेम ०.१ ते ०.३ टक्के आकसते, जाडीत मात्र कित्येक टक्के. आत वासा बारीक झाला आणि बाहेर बंध पातळ झाला, तर पहिल्या दिवशी करकचून बांधलेली जोडणी आठवड्याभरात हलू लागणारच. म्हणून लाकूड वाळलेले निवडावे, आणि साल आधी सावलीत वाळवून, बांधण्यापूर्वी भिजवून मऊ करून घ्यावी. एकदा वाळून पुन्हा भिजलेली साल ताज्या सालीपेक्षा कमी आकसते.

गाठीपेक्षा वेढ्यांवर अधिक भरवसा ठेवावा, असे मला वाटते. दांड्याभोवती दोर गुंडाळला की घर्षणाची पकड प्रत्येक फेऱ्यागणिक बेरजेने नव्हे, गुणाकाराने वाढते. घर्षणगुणांक, म्हणजे दोर आणि लाकूड एकमेकांना किती धरतात याचे माप, ०.३ धरला, तर एका पूर्ण फेऱ्यामुळे पकड सुमारे साडेसहापट आणि तीन फेऱ्यांमुळे जवळपास २८५ पट होते, त्यामुळे शेवटच्या गाठीवर फारच थोडा ताण येतो. चार फेरे झाल्यावर दोन लाकडांच्या मधून, आधीच्या वेढ्यांना आडवे असे दोन-तीन फेरे ओढून घेतले की सगळे वेढे एकदम ताणले जातात. हे आडवे फेरे घाईत गाळले जातात आणि नेमकी तीच जोडणी वाऱ्यात कुरकुरते. तरीही ढिलाई आलीच, तर वेढ्यांखाली बांबूची पाचर ठोकावी.

उभ्या झाडाची साल खोडाभोवती पूर्ण वळसा घालून कधीही काढू नये, कारण अन्नरसाचा मार्ग तुटून झाड मरते. बुडाशी तोडलेली केवण मात्र पुन्हा फुटते, आणि तिच्या सरळ, बिनफांदीच्या नव्या फुटव्यांचीच साल सर्वांत लांब निघते.