रविवारच्या संध्याकाळी पोटात येणारा गोळा

शांडोर फेरेंत्सी या हंगेरियन मनोविश्लेषकांनी १९१९ साली रविवारी उद्भवणाऱ्या मनोविकारांवर एक छोटा लेख लिहिला. आठवडाभर धडधाकट असणाऱ्या काही रुग्णांना नेमके सुट्टीच्या दिवशी डोके दुखणे, पोट बिघडणे असे त्रास होतात, हे त्यांच्या ध्यानात आले होते. कामाचा धाक सुटला की दडपलेल्या इच्छा उसळी घेतात, असा अर्थ त्यांनी लावला. निरीक्षण आजही पटते, अर्थ मात्र तितकासा पटत नाही, कारण रविवारी संध्याकाळी अनेकांच्या पोटात जो गोळा येतो तो सुट्टी मिळाल्यामुळे नव्हे, तर ती संपत आल्यामुळे येतो. (ज्यांची साप्ताहिक सुट्टी दुसऱ्या वारी असते त्यांनी रविवारच्या जागी तो वार वाचावा.)

या धास्तीची एक गंमत आहे. सोमवारी कामाला बसल्यावर तासाभरात ती बहुधा ओसरते. म्हणजे कामापेक्षा कामाची वाट पाहणे अधिक जाचक ठरते. असे का व्हावे, याचा एक धागा लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सापडतो. त्यात ४५ स्वयंसेवकांना संगणकाच्या पडद्यावर दगड दाखवले जात आणि त्याखाली साप आहे की नाही हे ओळखायचे असे. साप निघाला की हाताला विजेचा वेदनादायक झटका बसे. साप निघण्याची शक्यता सतत बदलत ठेवली होती. सहभागींचे स्वतःचे सांगणे, त्यांना येणारा घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्यांचा आकार यांवरून ताण मोजला, तेव्हा तो सर्वाधिक कधी होता? झटका नक्की बसणार होता तेव्हा नव्हे, तर बसण्याची शक्यता ५० टक्के होती तेव्हा. ठरलेली वेदना माणूस सोसतो. बसेल की नाही याची टांगती तलवार त्याला अधिक छळते.

रविवारी संध्याकाळी डोक्यात जे घोळत असते ते बहुतेक असेच अर्धवट शक्यतेचे असते: साहेबांना तो अहवाल आवडेल की नाही, ग्राहकाचे उत्तर काय येईल, बैठकीत आपल्यावर प्रश्न येईल का. शरीर मात्र या अंदाजांनाही खऱ्या प्रसंगासारखा प्रतिसाद देते. जाग आल्यानंतरच्या ३० ते ४५ मिनिटांत कॉर्टिसॉल या ताणाशी निगडित संप्रेरकाची पातळी वाढते. येणाऱ्या दिवसासाठी शरीराने केलेली ती तरतूदच असावी, असे मानले जाते. ही वाढ सुट्टीपेक्षा कामाच्या दिवशी अधिक असते आणि ज्यांना कामाचे ओझे जास्त वाटते व ज्यांना सतत काळजी करण्याची सवय असते, त्यांच्यात हा फरक आणखी मोठा असतो, असे २००४ सालच्या एका अभ्यासात आढळले. इंग्लंडमधील वयस्कर लोकांच्या केसांतील कॉर्टिसॉल तपासणाऱ्या २०२५ सालच्या अभ्यासात तर सोमवारी चिंता वाटणाऱ्यांमध्ये ते अधिक आढळले, आणि नोकरी सोडलेली मंडळीही त्याला अपवाद नव्हती.

झोपेचाही यात वाटा असतो आणि माझ्या मते तो आपण फार कमी धरतो. सुट्टीच्या दोन दिवशी उशिरा झोपून उशिरा उठले की जैविक घड्याळ मागे पडते. जैविक घड्याळाचे अभ्यासक टिल रॉनेबर्ग आणि सहकाऱ्यांनी २००६ साली यालाच ‘सोशल जेटलॅग’ असे नाव दिले (लांबच्या विमानप्रवासानंतर झोपेचे वेळापत्रक बिघडते, तो जेटलॅग). रविवारी रात्री आपण नेहमीच्या वेळी आडवे होतो खरे, पण शरीराच्या हिशेबी अजून झोपेची वेळ झालेली नसते, आणि अंधारात टक्क जागे असलेले मन काळजीला मोकळे रान देते.

मग करावे काय? बर्लिनमध्ये संशोधन करणाऱ्या ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ साली असे मांडले की अर्धवट राहिलेली कामे पूर्ण झालेल्या कामांपेक्षा अधिक लक्षात राहतात. स्मरणाबाबतचा हा दावा पुढच्या प्रयोगांत सातत्याने टिकला नाही. मात्र अर्धवट सोडलेल्या कामाकडे परत वळण्याची ओढ खरी असल्याचे दिसते. दिलासा देणारी गोष्ट अशी की ही ओढ शमवायला काम संपवावेच लागते असे नाही. ते केव्हा आणि कसे करायचे हे नेमके ठरवले तरी मन त्याचा पाठलाग बऱ्यापैकी सोडते, असे मासिकांपो आणि बाउमायस्टर या मानसशास्त्रज्ञांनी २०११ साली दाखवले. अमेरिकेतील बेलर विद्यापीठात ५७ तरुणांवर झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, झोपण्यापूर्वी पाच मिनिटे पुढच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना, झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा सुमारे नऊ मिनिटे लवकर झोप लागली. यादी जितकी तपशीलवार, तितकी झोप लवकर.

यातला ‘तपशीलवार’ हा शब्द महत्त्वाचा आहे. ‘अहवाल पूर्ण करणे’ हा बेत नव्हे, ती नुसती काळजी आहे. ‘सोमवारी दहा वाजता तिसऱ्या भागातील आकडे तपासणे’ हा बेत झाला. आणि तो लिहिण्याची उत्तम वेळ रविवार नसून शुक्रवारची शेवटची पंधरा मिनिटे आहेत, कारण तेव्हा सगळे तपशील ताजे असतात. रविवारी ‘एकदा नजर टाकू’ म्हणून ई-मेल उघडणे हा मला सर्वांत वाईट उपाय वाटतो: त्यातून उत्तरे क्वचितच मिळतात, नवे प्रश्न मात्र हमखास मिळतात. उघडलीच, तर प्रत्येक ई-मेलला तिथल्या तिथे उत्तर द्यावे किंवा वेळ नेमून द्यावी.

अशी यादी करताना बहुतेक कामांना दिवस आणि वेळ देता येते. कधी कधी मात्र एखादी ओळ कुठेच बसत नाही: दोघांचे काम एकट्याच्या माथी आहे, कोणी रोज पाणउतारा करते आहे, किंवा ही धडधड सोमवार उलटूनही जात नाही आणि जेवणझोप बिघडवते आहे. तिथे अनिश्चितता हा मुद्दाच नसतो आणि वहीतल्या यादीने प्रश्न सुटत नाही. पहिल्या दोन बाबतींत वरिष्ठांशी आणि तिसऱ्या बाबतीत डॉक्टरांशी किंवा मानसोपचारतज्ज्ञांशी बोलावे लागते. त्या बोलण्याला मात्र यादीतली वेळ देता येते.