सॅटेलाइट टीव्हीचा रेकॉर्डर घेताना आधी वायर मोजा

पुण्याच्या तपकीर गल्लीत सेट-टॉप बॉक्सच्या दुकानापाशी थोडा वेळ उभं राहिलं, की गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न हमखास कानावर येतो: "यात किती जीबी?" दुकानदारही त्याच भाषेत उत्तर देतो. पाचशे जीबी, एक टीबी. जास्त जीबी म्हणजे भारी बॉक्स. काही जण तर जास्त जीबीवर चित्रही जास्त स्वच्छ दिसतं असं छातीठोकपणे सांगतात. हा समज इतका पक्का बसला आहे, की रेकॉर्डर, म्हणजे कार्यक्रम डिस्कवर साठवणारा बॉक्स, नेमकं काय करतो हे एकदा नीट मांडायलाच हवं.

सॅटेलाइटचा रेकॉर्डर चित्र 'काढत' नाही. व्हीसीआरच्या काळात टीव्हीवर आलेलं चित्र चुंबकीय फितीवर पुन्हा उमटवावं लागे आणि त्यात ते थोडं फिकं पडे. डिजिटल प्रक्षेपणात चॅनेलवाल्यांनी चित्र आधीच आकड्यांत रूपांतरित करून, दाबून, छोट्या छोट्या पाकिटांत भरून पाठवलेलं असतं. प्रत्येक पाकीट बरोबर 188 बाइटचं. त्यातले पहिले 4 बाइट पत्त्याचे आणि उरलेले 184 मालाचे. पहिला बाइट नेहमी एकच असतो, 71 हा आकडा, म्हणजे संगणकवाल्यांच्या सोळाच्या पाढ्यात 47. हा आकडा दर 188 बाइटनंतर दिसत राहिला, की बॉक्सला कळतं आपण पाकिटांच्या सीमा बरोबर ओळखल्या. पुढच्या दोन बाइटांतल्या 13 बिटांत त्या पाकिटाचा क्रमांक असतो: हे अमुक चॅनेलचं चित्र, हा तमुक चॅनेलचा आवाज. रेकॉर्डर हव्या त्या क्रमांकांची पाकिटं उचलतो आणि आहेत तशी डिस्कवर ठेवतो. म्हणून रेकॉर्ड केलेलं चित्र थेट चित्राइतकंच चांगलं असतं, तसूभरही कमी किंवा जास्त नाही. डिस्क मोठी असली तर तास वाढतात, चित्र सुधारत नाही.

तासांचा हिशेब सोपा आहे. समजा एक एचडी चॅनेल सेकंदाला 6 मेगाबिट घेतं. आठाने भागलं की सेकंदाला पाऊण मेगाबाइट, तासाला 2.7 जीबी. म्हणजे 500 जीबीत सुमारे 185 तास. रोज सहा तास रेकॉर्ड केलं तरी महिना जातो. बहुतेक घरांना इतकं पुरून उरतं, त्यामुळे जीबीचा विषय मी इथेच सोडतो.

खरी अडचण माल ठेवण्यात नसून पकडण्यात आहे. उपग्रहावर ट्रान्सपॉन्डर असतात आणि एकेक ट्रान्सपॉन्डर अनेक चॅनेल्स एकत्र खाली पाठवतो. डीव्हीबी-एस या जुन्या प्रक्षेपण पद्धतीत, नेहमीची मांडणी धरली, तर एका ट्रान्सपॉन्डरमधून सेकंदाला सुमारे 38 मेगाबिट येतात. 188 बाइटचं एक पाकीट, या हिशेबाने सेकंदाला पंचवीस हजारांहून जास्त पाकिटं! ट्रान्सपॉन्डर म्हणजे डेक्कन क्वीन समजा आणि चॅनेल म्हणजे तिचा एकेक डबा. तुम्हाला एकाच डब्यातला माणूस भेटायचा असला तरी फलाटावर अख्खी गाडी येते. बॉक्समधल्या ट्यूनरचं काम गाडी फलाटावर घेण्याचं, म्हणजे ट्यूनर हाच फलाट. एकाच गाडीतल्या दोन डब्यांची माणसं उतरवून घ्यायची असतील, तर एक फलाट पुरतो. दोन वेगळ्या गाड्या एकाच वेळी येणार असतील, तर दोन फलाट लागतात.

म्हणून एकाच ट्यूनरवर 'एक रेकॉर्ड करा, दुसरं बघा' हे कधी जमतं आणि कधी जमत नाही. दोन्ही चॅनेल्स एकाच ट्रान्सपॉन्डरवर असली तर जमतं, नाहीतर स्क्रीनवर नकार येतो. लोकांना वाटतं बॉक्स लहरी आहे. बॉक्स अगदी नियमाने वागतो आहे, फक्त तो नियम त्यांना कुणी सांगितलेला नसतो.

आता वायर. या सगळ्या व्यवस्थेत मला सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच. डिशच्या छत्रीवरून खोलीत उतरणाऱ्या त्या काळ्या किंवा पांढऱ्या कोअॅक्सियल वायरकडे कुणी ढुंकूनही बघत नाही, पण ती एकाच वेळी तीन कामं करते. उपग्रहाकडून येणारी लहर 10.7 ते 12.75 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात असते. इतक्या उच्च वारंवारतेची लहर साध्या वायरीतून काही मीटर नेली तरी तिचा जीव जातो. म्हणून छत्रीच्या तोंडाशी जो ठोकळा असतो, एलएनबी, तो आत स्वतःची एक लहर तयार करतो, 9.75 गिगाहर्ट्झची. आलेली 11 गिगाहर्ट्झची लहर तिच्यात मिसळली, की वजाबाकी होऊन 1.25 गिगाहर्ट्झ उरतात. माहिती तीच, वारंवारता मात्र वायरीला झेपेल अशी. हे पहिलं काम, वरून खाली. दुसरं काम खालून वर: एलएनबीला लागणारी वीज बॉक्स त्याच वायरीतून पाठवतो.

तिसरं काम सगळ्यात सुंदर. उपग्रह जागा वाचवण्यासाठी एकाच वारंवारतेवर दोन वेगळे संदेश पाठवू शकतो, एक उभ्या ध्रुवणाचा (ध्रुवण म्हणजे लहर ज्या दिशेत डोलते ती) आणि एक आडव्या. एलएनबीच्या नळीत एकमेकांशी काटकोनात असलेल्या दोन बारीक सळया असतात, एक उभी लहर पकडते आणि दुसरी आडवी. यातली कुठली हवी, हे बॉक्स विजेच्या दाबानेच सांगतो. 13 व्होल्ट पाठवले की उभी, 18 व्होल्ट पाठवले की आडवी. पट्टाही दोन भागांत आहे, 11.7 गिगाहर्ट्झच्या खालचा आणि वरचा. वरचा हवा असेल तर बॉक्स त्याच विजेवर 22 किलोहर्ट्झचा एक बारीक सूर चढवतो. तो ऐकला की एलएनबी 9.75 सोडून 10.6 गिगाहर्ट्झची लहर वापरू लागतो. दोन दाब, सूर आहे किंवा नाही, असे मिळून चार हुकूम. एका क्षणी एका वायरीवर चारांपैकी एकच.

यातूनच रेकॉर्डरची खरी अट निघते. दोन ट्यूनर दोन वेगळे हुकूम देणार असतील, तर वर वायर जोडायची दोन तोंडं असलेला एलएनबी आणि तिथून खाली दोन वायरी हव्यात. आमच्या शेजारच्या इमारतीत नवा दोन ट्यूनरचा रेकॉर्डर आला, तेव्हा बसवायला आलेल्या मुलाने दुसरी वायर ओढायचा त्रास वाचवून एका वायरीचे दोन फाटे करणारा तीस-चाळीस रुपयांचा स्प्लिटर लावून दिला. त्या दिवशी सगळं चाललं. नंतर रात्री एक मालिका रेकॉर्ड होत असताना कुणीतरी दुसरं चॅनेल लावलं आणि रेकॉर्डिंग तिथून पुढे काळं. त्या स्प्लिटरवर एक ट्यूनर 13 मागत होता आणि दुसरा 18; एलएनबीपर्यंत 18 पोहोचले आणि 13वाल्याची सळई बंद झाली. मी स्वतः गच्चीवर जाऊन बघितलं, तर छत्रीच्या एलएनबीला एकच तोंड होतं. कंपनीची सगळी चॅनेल्स एकाच ध्रुवणावर आणि एकाच अर्ध्या पट्ट्यात असतील तर स्प्लिटर चालूनही जातो, आणि म्हणूनच 'आमच्याकडे तर चालतं' म्हणणारेही भेटतात. नवीन वायर ओढणं शक्यच नसेल, तर युनिकेबल पद्धतीचा एलएनबी आहे का हे विचारा. तो प्रत्येक ट्यूनरला वायरीतली स्वतंत्र वारंवारता नेमून देतो, त्यामुळे एका वायरीवर अनेक ट्यूनर भांडण न करता राहतात. मात्र बॉक्सलाही ती पद्धत यायला हवी.

गच्चीचा विषय निघाला म्हणून एक सांगतो. छत्री अमुक कोपऱ्यात नको, तमुक दिशेला तोंड नको, असं वास्तूच्या नावाखाली सांगून ती हलवायला लावणारे लोक आहेत. पुण्यातून पाहिलं तर डीडी फ्री डिशचा 93.5 अंश पूर्वेचा उपग्रह आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे 59 अंश वर आहे. टाटा प्ले ज्या 83 अंश पूर्वेच्या जागेवरून येतं, ती जागा त्याहून दक्षिणेकडे आणि सुमारे 66 अंशांवर. विषुववृत्तावर जवळपास 36,000 किलोमीटर उंचीवर ती जागा भूमितीने ठरलेली आहे. छत्रीला तिकडेच बघावं लागतं, त्यात घरातल्या कुणाच्या भाग्याचा काही संबंध नाही. काही अंश फिरवलीत तर फक्त टीव्ही जाईल.

पावसाचं मात्र खरं आहे. या लहरींची लांबी अडीच सेंटिमीटरच्या आसपास असते आणि पावसाचे टपोरे थेंब त्यांना शोषतात, विखुरतात. डिजिटल संदेशात दुरुस्तीसाठी जादा बिट घातलेले असल्यामुळे बऱ्याच चुका आपोआप भरून निघतात आणि चित्र एका मर्यादेपर्यंत निर्दोष राहतं. ती मर्यादा ओलांडली, की चित्र हळूहळू खराब न होता एकदम जातं. रेकॉर्डर हे भरून काढू शकत नाही, कारण जी पाकिटं खाली पोहोचलीच नाहीत ती तो ठेवणार कुठून? उपाय छत्रीवरच करायचा असतो. मे महिन्यात, कोरड्या आकाशात, बॉक्सच्या मेनूतला 'सिग्नल क्वालिटी'चा आकडा बघून ती बारकाईने लावून घ्या. 'स्ट्रेंग्थ'चा आकडा बघू नका, तो फसवतो. 60 सेंटिमीटरऐवजी 90 सेंटिमीटरची छत्री सव्वादोन पट लहरी गोळा करते. पावसाळी संध्याकाळी तेवढ्याने पुष्कळ फरक पडतो.

मार्चच्या मध्याआधी आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस सकाळी साडेदहा ते साडेबाराच्या दरम्यान काही मिनिटं चित्र गेलं, तर तंत्रज्ञाला बोलावू नका. त्या वेळी सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो आणि त्याचा रेडिओ गोंगाट उपग्रहाला झाकून टाकतो.

डिस्कबद्दल दोनच गोष्टी. वेगाची काळजी नको, दोन एचडी चॅनेल्सना मिळून सेकंदाला दीड मेगाबाइट लागतात आणि साधी हार्ड डिस्कही त्याच्या कितीतरी पट लिहिते. पण थेट कार्यक्रम थांबवायची सोय असलेला बॉक्स चालू असेपर्यंत सतत लिहीतच असतो, त्यामुळे डिस्क तापते. टीव्हीखालच्या बंद कपाटात, इन्व्हर्टरशेजारी तो कोंबू नका. पेनड्राइव्हवर रेकॉर्ड करणारे स्वस्त बॉक्स फ्री डिशसाठी ठीक आहेत, मात्र पेनड्राइव्ह सततच्या लिखाणाने लवकर झिजतो. शिवाय तो फॅट-32 पद्धतीने फॉरमॅट केलेला असला तर एक फाइल 4 जीबीच्या पुढे जाऊ शकत नाही आणि लांब कार्यक्रमाचे तुकडे होतात.

पैसे भरून बघायच्या चॅनेल्सची पाकिटं कुलूपबंद येतात, आणि त्या कुलपाची किल्ली साधारण दर दहा सेकंदांनी बदलते. रेकॉर्डर माल कुलपासकट किंवा स्वतःचं कुलूप घालून ठेवतो, म्हणून डिस्क काढून संगणकाला लावली तरी काही दिसत नाही, आणि बॉक्स मेला तर रेकॉर्डिंगही त्याच्याबरोबर गेलं. घरच्या मुलीचं टीव्हीवरचं गाणं जन्मभर ठेवायचं असेल, तर या बॉक्सवर विसंबू नका. सह्याद्रीसारखी जी चॅनेल्स कुलूप न लावता येतात, त्यांची फाइल बहुतेक वेळा संगणकावर सहज चालते.

आणि दुकानातून निघण्यापूर्वी एक गोष्ट दाखवायला सांगा: रेकॉर्डिंग ठरलेल्या वेळेच्या आधी आणि नंतर किती मिनिटं वाढवता येतं. बॉक्स वेळापत्रकावर चालतो. गहुंजेला सामना लांबला आणि चॅनेलने वेळापत्रक बदललं नाही, तर शेवटची षटकं रेकॉर्ड होणार नाहीत. क्रिकेटसाठी मी पुढे एक तास तरी जोडून ठेवतो.