वरचं शेत, खालचा झरा

ठाणेकराला ‘गुहा’ म्हटलं की कान्हेरीच आठवते. येऊरच्या डोंगरापलीकडची, छिन्नीने कोरलेली. तिथल्या विहारांशेजारी दगडातच खोदलेल्या पाण्याच्या पोढी आहेत. पाऊस सरून महिने लोटले तरी त्यांत पाणी टिकतं, कारण हा ज्वालामुखीचा दगड ते सहजी पीत नाही.

चुनखडीच्या मुलखात गुहा कोरतं ते पाणीच. मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पाणी किंचित आम्लधर्मी होतं, भेगांत शिरतं, दगड विरघळवतं आणि हजारो वर्षांत भेगांची भुयारं होतात. अशा भूभागाला कार्स्ट म्हणतात. नाव स्लोव्हेनिया-इटलीच्या सीमेवरच्या क्रास पठाराचं. शास्त्रात ते रुजवलं योव्हान त्स्वियिच या सर्बियन भूगोलतज्ज्ञाच्या १८९३ च्या प्रबंधाने.

या भुयारांतून पाणी किती वेगाने पळतं, हे त्याआधीच कळलं होतं, तेही भांडणातून. जर्मनीत इमेंडिंगेनजवळ डॅन्यूबचं पाणी पात्रातच गडप होतं. ते जातं कुठे, यावरून गिरणीवाल्यांचे वाद पेटले. १८७७ मध्ये तिथे टनावारी मीठ आणि दहा किलो रंग ओतला गेला. साधारण ६० तासांनी, बारा किलोमीटरवरचा आख नदीचा झरा हिरवागार आणि खारट झाला! माती-मुरमातून गाळून निघायला पाण्याला सवडच मिळाली नव्हती.

शेतीचा संबंध इथे येतो. अमेरिकेच्या आयोवा राज्यात बिग स्प्रिंग नावाचा झरा आहे, वर मक्याची शेतं, खाली चुनखडी. १९५० च्या दशकाअखेरीपासून १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत त्यातलं नायट्रेट, म्हणजे नत्राचं पाण्यात सहज विरघळणारं रूप, सुमारे तिपटीने वाढलं, आणि शेतांवर पडणारं नत्रखतही जवळपास त्याच पटीत. पिकाने न घेतलेलं खत पावसाबरोबर थेट झऱ्यात उतरत होतं. १९८७ मध्ये आयोवाने भूजल संरक्षणाचा कायदा केला.

कॅनडातलं वॉकरटन मात्र विसरता येत नाही. मे २००० मध्ये मुसळधार पावसानंतर जवळच्या गोठ्याचं शेणखत, म्हणजे त्यातले जंतू, भेगाळलेल्या खडकातून गावाच्या उथळ विहिरीत पोहोचले. क्लोरिनही पुरेसं पडत नव्हतं. सात माणसं गेली, २,३०० च्या आसपास आजारी पडली. चौकशीत शेतकऱ्यावर ठपका आला नाही. खत त्याने रीतसरच टाकलं होतं. मला यातलं हेच सर्वांत अस्वस्थ करणारं वाटतं.

मुरबाड-शहापूरच्या भातखाचरांतही युरिया पडतोच. पण तिथे खाली मुरूम आणि मग काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट. पाणी फटी शोधत हळूहळू उतरतं. म्हणून आपली विहीर सुरक्षित असं नव्हे. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅम नायट्रेट ही भारतीय मानकाची मर्यादा बेसॉल्टलाही तीच आहे. आणि चुनखडी महाराष्ट्रातही आहे. विदर्भात वणीपासून कोरपना-राजुऱ्यापर्यंत सिमेंटवाले ती खणून नेतात, आणि जिथे खणत नाहीत तिथे तिच्यावर कापूस उभा असतो.