अंडी किती झाली आणि अंडी किती आली

डिसेंबरची थंडी पडली की नागपुरात अंड्यांचा भाव चढतो. नेमकं त्याच सुमारास वर्तमानपत्रात येतं : देशात अंड्यांचं विक्रमी उत्पादन. गेल्या हिवाळ्यात ही बातमी मी आमच्या गल्लीतल्या दुकानदाराला ऐकवली. तो ट्रेवरचा कागद बाजूला सारत म्हणाला, "तिकडे होत असतील हो भाऊ, मागूनच माल कमी येऊन राहिला ना!"

बातमीही खरी आणि दुकानदारही खरा. बातमी उत्पादनाबद्दल बोलते, तो पुरवठ्याबद्दल. आपण मात्र हे दोन शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरतो.

उत्पादन म्हणजे त्या प्रदेशातल्या कोंबड्यांनी वर्षभरात घातलेली अंडी. पुरवठा म्हणजे त्यात बाहेरून आलेली मिळवायची, बाहेर गेलेली वजा करायची आणि साठ्यातली घटवाढ धरायची. उबवणीला गेलेली आणि फुटलेली अंडी त्यातूनही कमी केली, की ताटात पडणारी उरतात.

देशाच्या पातळीवर हा फरक जवळपास दिसतच नाही. तमिळनाडूतल्या नामक्कलहून आखाती देशांत अंडी जातात, पण एकूण आकड्यापुढे ती किरकोळ. आयात तर नगण्यच. म्हणून देशाचं उत्पादन हाच देशाचा पुरवठा मानला तरी फारसं बिघडत नाही. 1950-51 मध्ये साधारण 183 कोटी अंडी होती, 2014-15 मध्ये 7,848 कोटी, 2023-24 मध्ये 14,277 कोटी. माणशी वर्षाला 5, मग 62, मग 103. (पोषणतज्ज्ञ 180 खा म्हणतात, तेव्हा अजून बरीच मजल बाकी आहे.) वाढ दरवर्षी सारखी नाही, हेही लक्षात ठेवायला हवं : 2019-20 मध्ये ती दहा टक्क्यांच्या वर होती, 2023-24 मध्ये तीन टक्क्यांच्या थोडी पुढे.

घोटाळा सुरू होतो तो प्रदेश लहान केल्यावर. सरकारी तक्त्यात 'दरडोई उपलब्धता' असा रकाना असतो. नावावरून वाटतं, लोकांना मिळालेली अंडी. प्रत्यक्षात तो राज्याच्या उत्पादनाला लोकसंख्येने दिलेला भागाकार आहे. त्या हिशेबाने आंध्र आणि तेलंगणात माणशी चारशेच्या वर अंडी निघतात. आता तेलंगणातलं तान्हं बाळसुद्धा रोज एकाहून जास्त अंडी खातं, असं थोडंच आहे! ती अंडी बाहेर जातात, आणि आपल्याकडेही येतात.

येतात कुठून, ते 44 नंबरच्या महामार्गावर उभं राहिलं की कळतं. हैदराबादकडून आदिलाबाद, पांढरकवडा, हिंगणघाट, जाम, बुटीबोरी करत रस्ता नागपुरात येतो. अंड्यांच्या गाडीतल्या पेट्या 210च्या, म्हणजे तीसचे सात ट्रे. ही अंडी मोजली जातात तेलंगणाच्या उत्पादनात आणि खाल्ली जातात सदर, गोकुळपेठ, इतवारीत. तीच गाडी न थांबता मनसर, सिवनीकडे निघून गेली, तर नागपूरच्या कुठल्याच रकान्यात तिची नोंद नाही. फक्त आपल्या रस्त्यावरून गेली, एवढंच. तिकडे उत्तरेत भाव चांगला असला की गाड्या पुढे जातात आणि आपल्याकडे चणचण भासते, तेलंगणात एक कोंबडीही कमी झालेली नसताना.

दुसरा फरक काळाचा. उत्पादनाचा आकडा वर्षाचा असतो. पशुसंवर्धन खात्याची नमुना पाहणी मार्च ते फेब्रुवारी, उन्हाळा, पावसाळा, हिवाळा अशा तीन हंगामांत होते आणि शेवटी बेरीज. पुरवठा मात्र आठवड्याचा, कधी दिवसाचा. अंडी कुणी महिनोन्‌महिने कोठारात ठेवत नाही. म्हणून राष्ट्रीय अंडी समन्वय समिती, म्हणजे 'संडे हो या मंडे'वाली, शंभर अंड्यांचा भाव रोज जाहीर करते आणि त्या यादीत नागपूरचं नाव वेगळं असतं.

मे महिन्यातला नागपुरी उन्हाळा इथे मजेदार गंमत करतो. पारा पंचेचाळीसला टेकला की कोंबडी खाद्य कमी खाते आणि सारखी धापा टाकते. त्या धापांनी रक्तातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो, कवचाला लागणारं कॅल्शियम पुरेसं मिळत नाही, अंडं लहान आणि पातळ कवचाचं होतं. अंडी कमी, त्यात वाटेत फुटणारी जास्त. तरी भाव बहुधा पडलेलाच, कारण उन्हाळ्यात अंडं 'गरम' म्हणून लोक हात आखडतात. श्रावणात आणि नवरात्रातही तेच. त्यामुळे नुसता भाव पाहून उत्पादन वाढलं की घटलं, हे सांगायला जाऊ नये.

बर्ड फ्लूने उत्पादन आणि खप दोन्ही एकदम हलतात. 2006 साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला तो आला तेव्हा लाखो कोंबड्या मारल्या, म्हणजे उत्पादन गेलं. आणि नवापूर कुठे, विदर्भ कुठे, तरी लोकांनी इथे खाणं सोडलं. 2020च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कोंबडीतून कोरोना होतो या अफवेने तर कोंबड्या ठणठणीत असतानाच भाव कोसळले होते.

राहिली गावरान कोंबडी. वर्षाला साठ-ऐंशी अंडी देणारी ही बाई फार्मवरच्या तीनशेवालीपुढे कुठेच टिकत नाही. पण हिशेबात तिची गत तेलंगणातून येणाऱ्या त्या गाडीच्या नेमकी उलटी आहे. भिवापूर-उमरेडकडच्या अंगणातलं तिचं अंडं पाहणीतून उत्पादनात धरलं जातं, सकाळी पोराच्या ताटात पडतं किंवा खुडूक बसल्यावर तिच्याच पोटाखाली जातं. सीताबर्डीच्या बाजारापर्यंत ते पोचतच नाही.